'क' यांचं म्हणणं

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते आपलं आहे हे कळायला मोघ्यांना जरा वेळ लागला. आनंदीबाई वाचत होत्या, 'क यांचं म्हणणं असं, की माझा मुलगा मला ओळखत नाही, हाकेला ओ देत नाही आणि स्पर्शालाही त्याचा काही प्रतिसाद नाही.' मोघ्यांच्या मनात आधी आलं ते एवढंच, की वाक्य नेटकं आहे, फापटपसारा नाही. मग वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलंय. आणि मग बाकावर ठेवलेल्या उजव्या हाताची तर्जनी आपण डाव्या मुठीत धरून बसलोय, हे त्यांच्या लक्षात आलं. ती सोडवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. शेजारी बसलेल्या निंबाळकरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आनंदीबाईंकडे पाहू लागले.

गुरुवारच्या त्या बैठकीला नाव नव्हतं, आणि ते ठेवायला हवं ही सूचना दर वेळी पुढे ढकलली जाई. सदाशिव पेठेत एका क्लासच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दहाबारा निवृत्त माणसं सकाळची जमत. बाक पोरांच्या मापाचे, बसलं की गुडघे वर येत, फळ्यावर आदल्या संध्याकाळचं अर्धवट पुसलेलं गणित. आनंदीबाई करंदीकर मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण हे त्यांना कोणी कळवलं नसावं. त्या आठवडाभर हायकोर्टाचे ताजे निकाल शोधून काढत, मराठीत उतरवत आणि त्यांतली नावं गाळून टाकत. नाव आलं की आडनाव येतं आणि आडनाव कळलं की माणसाचं मत तयारच असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पक्षकार म्हणजे अ, ब आणि क. आधी हकीकत वाचायची, मग आपण न्यायाधीश असतो तर काय केलं असतं ते हात वर करून सांगायचं, आणि मग कोर्टाचा निकाल. अल्पमतात असेल त्यानं कारण द्यायचं. कोर्टाशी ज्याचं जुळणार नाही त्यानं चहाचे कप विसळायचे. एखाद्याला निकाल आधीच ठाऊक असेल तर त्यानं 'पास' म्हणून गप्प बसायचं. हा नियम सगळे पाळत, कारण कप विसळायचं टाळण्यासाठी खोटं बोलायची हौस कोणाला उरली नव्हती.

त्या दिवशी आधी दोन निकाल झाले होते. एका सोसायटीनं भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बाईंचं पाणी तोडलं, त्याचा एक. आणि सावत्र आईला पोटगी द्यावी लागते का, त्याचा दुसरा. कुत्र्यांवर बराच वेळ गेला. जया गायकवाड, ज्यांनी सरकारी लेखापरीक्षणात उभी हयात दुसऱ्यांच्या चुकांना खुणा करण्यात घालवली होती, एवढंच म्हणाल्या, 'भुंकतात कुत्री आणि तहानेनं मारायचं बाईला. सोसायटी नक्की पुण्यातली असणार.' सावत्र आईच्या वेळी दिग्विजय निंबाळकरांनी सुनावलं, की ही बाई मुळात आईच कशावरून. निंबाळकर विमा कंपनीतले. प्रत्येक दाव्यात कोणीतरी कोणालातरी फसवतंय अशी त्यांची खात्री असे. मोघे दोन्ही वेळा बहुमतात होते. हसलेही होते. मग आनंदीबाईंनी पान उलटलं आणि म्हणाल्या, 'तिसरा जरा जड आहे. लक्ष द्या.'

अ ही बायको, ब हा नवरा, वय एक्केचाळीस. ब स्कूटरवरून पडला, डोक्याला मार बसला, तेव्हापासून शुद्धीवर नाही. श्वास आपला आपण घेतो, अन्न नळीतून. अ त्याचं सगळं घरीच करते. घर ब च्या नावावर, बँकेतलं खातं ब च्या नावावर, आणि सही करायला ब नाही. अज्ञान मुलाला पालक नेमायचा कायदा आहे, मनोरुग्णाला आहे, पण अशा माणसाचं काय करायचं याबद्दल कायदा गप्प. म्हणून अ हायकोर्टात आली, की मला याची पालक नेमा, घर विकायची आणि याच्या उपचारांचं ठरवायची परवानगी द्या. इथपर्यंत ऐकूनही मोघ्यांना काही कळलं नव्हतं. कळणार कसं? त्यांच्या घरात हे असं कोणी कधी बोललंच नव्हतं. त्यांच्या घरात त्यांचा मुलगा केयूर स्वारगेटच्या चौकात सांडलेल्या ऑइलवर घसरला होता, कोणी धडकसुद्धा दिली नव्हती की ज्याला शिव्या घालाव्यात, आणि हेल्मेट होतं की, कोपराला अडकवलेलं होतं, पुण्यात अडकवतात तसं. ते हेल्मेट एक ओरखडा न पडता घरी आलं. निकालात हेल्मेट नव्हतं. त्याच्या बायकोनं, सुरुचीनं, पाठीला व्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवून वळवून स्वतःच्या मनगटाचं मातेरं करून घेतलं, ते नव्हतं. त्याची दाढी करताना ती गाणं लावते आणि गालाशी आली की बंद करते, तेही नव्हतं. हे सगळं वजा केल्यावर जे उरलं ते आनंदीबाई वाचत होत्या, आणि ते कोणाचंही असू शकलं असतं. मग क आला, ब चा बाप, आणि क चं वाक्य आलं.

बैठकीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बैठकीपुरता मोघ्यांचा मुलगा बंगळूरला होता. हे त्यांनी ठरवून सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, मुलगा काय करतो, आणि अपघाताच्या आधी केयूरला बंगळूरची नोकरी चालून आली होती तीच तोंडात आली. नंतर ते सोयीचं झालं. महर्षीनगरमधल्या सोसायटीत जिन्यात भेटेल तो मान वाकडी करून 'आता कसं आहे?' विचारी, आणि 'तसंच' म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव येई. त्या 'तसंच'चा मोघ्यांना वीट आला होता. आठवड्यातून एकदा तरी एका खोलीत असं बसावं की जिथे आपण कुणाचे कुणी नाही, दुसऱ्यांच्या भांडणांवर मत देणारे एक खवचट म्हातारे आहोत, एवढ्यासाठी ते येत. येताना पायांत बळ असे. बंगळूरचा केयूर तिथे चांगला कमावत होता, फोन कमी करत होता, आणि त्यावर मोघे इतर बापांसारखे थोडे कुरकुरतही. खरं सांगायचं तर त्या कुरकुरण्यात त्यांना सुख होतं.

ते वाक्य वकीलबाईंनी लिहिलं होतं, म्हणजे शब्द त्यांचे. शिवाजीनगरच्या त्यांच्या ऑफिसात मोघे आणि सुरुची टेबलाच्या एका बाजूला बसले होते. वकीलबाई तरुण होत्या, घाई नव्हती, आणि त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं, 'काका, मला एकदा स्पष्ट सांगा. तुम्हाला ते ओळखतात का? काही प्रतिसाद देतात? घरातल्या दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर कोर्ट पुन्हा तपासणीला पाठवेल, आणि मग किती महिने जातील ते मी सांगू शकत नाही.' मोघ्यांनी सुरुचीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या काचेखाली कोणीतरी सरकवून ठेवलेल्या एका जुन्या कॅलेंडरवर बोट ठेवून पाहत होती. मनगटाला पट्टा होता. तिच्या ऑफिसानं घरून काम करणं बंद करत आणलं होतं. तिचे वरिष्ठ आता गोड बोलत होते, आणि गोड बोलायला लागले की नोकरी गेली समजावं, असं ती म्हणाली होती. अडतीस वर्षांची बाई. तिच्या केसांत कडेला एक पांढरी बट आली होती आणि ती लपवण्याचं तिनं सोडून दिलं होतं. मोघे म्हणाले, 'नाही. काही नाही.' वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, 'हात वगैरे धरलात तर?' आणि मोघ्यांनी, ज्यांनी नोकरीत कधी कोणाचं एक ग्रॅम इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं, मान हलवली. सुरुचीनं काचेवरचं बोट उचललं नाही.

मोघे वजनमापे निरीक्षक होते. तराजू आणि वजनं तपासायची, खोटी जप्त करायची, खरी असतील त्यांवर छाप मारायचा, हे काम. छाप मारून मारून हाताला अशी सवय लागली होती की वजन उचललं की खोटं आहे हे काट्यावर ठेवण्याआधी कळे. सुनीती, त्यांची बायको, जिवंत असताना त्यांची थट्टा करी, की हे मला बघायला आले तेव्हा यांनी माझा हात हातात घेतला आणि मनात वजन करून ठेवलं. ती गेली ते बरं झालं, असं मोघ्यांना हल्ली वाटे, आणि तसं वाटलं की दिवसभर अन्न गोड लागत नसे. तर सांगायचं ते हे, की मोघ्यांचा आपल्या हातावर विश्वास होता. डोळे फसतात, कान तर फसतातच, हात फसत नाही. आणि त्या हाताला केयूर बोट दाबतो हे कळत होतं. सकाळी पेपर वाचून दाखवताना ते उजवी तर्जनी त्याच्या मुठीत सरकवून ठेवत. बराच वेळ काही नसे. मग हळूच, एका कडेनं सुरुवात होऊन, सगळी बोटं घट्ट होत, तशीच राहत आणि सुटत. डॉक्टर म्हणाले, रिफ्लेक्स आहे, तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलंत तर तेही दाबतं. तपासायला तिघे डॉक्टर आले त्या दिवशी त्यांनी आपापलं बोट देऊन पाहिलं, आणि केयूरचा हात विरजणासारखा गार पडून राहिला. मोघे तेव्हा दारात उभे होते. त्यांना वाटलं होतं, अनोळखी माणसाचं बोट तो का दाबेल? पण हे काही डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

आणि दाबणं मोघ्यांना जुनं ओळखीचं होतं. शाळेला सुट्टी असली की लहानपणी केयूर त्यांच्याबरोबर मंडईत येई. मोघे शिरले की बातमी त्यांच्या आधी गाळ्यांवरून पुढे जाई, आणि खोटी वजनं पोत्याखाली जात. सरुबाई म्हणून एक भाजीवाली होती, तिची वजनं चोख असत, त्यामुळे तिला त्यांचं भय नव्हतं. ती केयूरच्या हातात एखादं गाजर ठेवी. मोघे ते परत करायला लावत. निरीक्षकाचा मुलगा. 'अहो साहेब, गाजरानं काय तुमची नोकरी जाती का?' सरुबाई म्हणे, आणि मोघे म्हणत, 'गाजरापासूनच जाते.' केयूर गाजर ठेवी. रडत नसे, हट्ट करत नसे, तोंडातून शब्द काढत नसे. फक्त मोघ्यांचं बोट धरून चालताना ते असं दाबत राही की नखाचा व्रण उठे. तो राग होता. मोघ्यांना तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता, मुलगा संयमी आहे म्हणून. आता त्या खाटेशी बसल्यावर त्यांच्या मनात यायचं, हा दाबतो तेव्हा काय म्हणतो? ओळख देतो, की अजून रागावलाय? मला सोडा म्हणतो, की सोडू नका? आणि हे ज्याला विचारता येत नाही त्याच्याबद्दल आपण कागदावर लिहून दिलं, की स्पर्शालाही काही प्रतिसाद नाही.

'बापानं सुटका करून घेतली,' निंबाळकर म्हणत होते. मोघे भानावर आले. 'अहो, सरळ आहे. सून घर विकणार, म्हाताऱ्याला वाटा देणार.'

'तसं कुठे लिहिलंय?' आनंदीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'आपण हकीकतीबाहेर जायचं नाही.'

'हकीकतीतलंच बोलतो. बाप म्हणतो, मुलगा मला ओळखत नाही. हे बापाला कसं कळणार? ओळखत नाही हे मुलानं सांगायला हवं.'

'मुलाला सांगता आलं असतं तर कोर्टात कशाला गेले असते, निंबाळकर?' जया गायकवाड म्हणाल्या. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. 'बायको म्हणते काही प्रतिसाद नाही, बाप म्हणतो नाही, डॉक्टर म्हणतात नाही. तीन तोंडं, एक उत्तर. माझ्या खात्यात असं दिसलं की मी पुन्हा तपासायचे, ती गोष्ट वेगळी. पण त्या बाईनं काय करायचं? तिचं कोणी विचारतंय का? माझं मत तिच्या बाजूनं.'

'तर मग हात,' आनंदीबाई म्हणाल्या. 'अ ला पालक नेमावं, या बाजूनं?'

हात वर गेले. मोघ्यांना 'पास' म्हणायचं होतं. नियमच तसा होता, आणि निकाल त्यांना ठाऊक होता; आदेशाची प्रत घरी फ्रिजवर ठेवली होती. शब्द जिभेपर्यंत आला. पण 'पास' म्हटलं की आनंदीबाई विचारणार, कुठे वाचलात? आणि दुसरंही एक होतं, जे त्यांना कबूल करायला जड गेलं. त्या कागदावर सही केल्यापासून ते वाक्य घेऊन ते एकटे फिरत होते. आज पहिल्यांदा ते चारचौघांत आलं होतं, आणि एकानंही म्हटलं नव्हतं की हे खोटं आहे. निंबाळकरसुद्धा बापाला लबाड म्हणाले, पण वाक्य खोटं आहे असं त्यांना सुचलं नाही. मोघ्यांना एकदम फार एकटं वाटलं.

'विरुद्ध?'

निंबाळकरांनी हात वर केला. आणि मोघ्यांनीही केला. तो आपण केला की तो वर गेला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

'अरे वा,' निंबाळकर म्हणाले, 'मोघे आज आपल्याकडे.'

'तुमचं कारण कळलं,' आनंदीबाई निंबाळकरांना म्हणाल्या. 'मोघे, तुमचं?'

'क खोटं बोलतोय.'

आनंदीबाईंनी कागदाकडे पाहिलं, जणू तिथे ते लिहिलेलं असून आपल्याकडून सुटलं. 'कशावरून?'

'वाक्य फार स्वच्छ आहे,' मोघे म्हणाले. 'मी तराजू तपासायचो. वापरातला तराजू थोडा इकडेतिकडे असतोच. ज्याचा काटा अगदी मधोमध उभा, तो आम्ही आधी उघडून बघायचो. माणसाचा मुलगा असा पडलाय आणि बाप तीन गोष्टी ओळीनं नाही म्हणतो. कुठे "वाटतं" नाही, "कधी कधी" नाही, "क्वचित" नाही. असं कोणी बोलतं का?'

खाली कोणीतरी स्कूटर काढत होतं. जया गायकवाड त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत चौकशी होती. मोघ्यांनी फळ्यावरच्या अर्धवट गणिताकडे पाहिलं.

'मुद्दा चांगला आहे,' आनंदीबाई म्हणाल्या, 'पण कोर्टाला तसं वाटलेलं नाही. निकाल अ च्या बाजूनं. शिवाय क बद्दल कोर्टानं मुद्दाम लिहिलंय, थांबा, वाचते. "स्वतःच्या भावना बाजूला ठेवून या वयोवृद्ध पित्यानं केलेल्या प्रांजळ कथनाची आम्ही आदरानं नोंद घेतो." म्हणजे तुम्ही दोघं कप विसळा.'

प्रांजळ हा शब्द आनंदीबाईंचा असणार. मूळ इंग्रजी आदेश सुरुची वाचून दाखवायला लागली तेव्हा मोघ्यांनी तिला शेवटचं पान फक्त विचारलं होतं, मिळालं की नाही एवढंच. त्यामुळे त्यांचं कौतुक झालं आहे हे त्यांना आज कळलं. न्यायाधीशांनी, मुंबईत बसून, आदरानं. मोरीत वाकून त्यांनी एकच कप दोनदा विसळला. निंबाळकर विसळलेले कप उपडे घालत होते. वादात ते जितके कडवट तितके मोरीपाशी साधे असत.

'माझा मुलगा दुबईला,' ते म्हणाले. 'तो ओळखतो बरं का मला. महिन्यातून एकदा, व्हिडिओवर. मागे कोणीतरी त्याला विचारत असतं, झालं का, झालं का. तुमचा बंगळूरला ना? येतो का?'

मोघ्यांनी नळ बंद केला. 'नाही,' ते म्हणाले. 'तो इथेच असतो.'

'आला का परत? बरं झालं,' निंबाळकर म्हणाले आणि फडक्याला हात पुसून जिना उतरायला लागले. 'जवळ असलेलं बरं असतं.'

मोघे चालतच निघाले. बससाठी उभं राहणं त्यांना सहन झालं नसतं. शनिवारी केयूरला तळेगावच्या शुश्रूषा केंद्रात हलवायचं होतं. जागा चांगली होती, ते आणि सुरुची बघून आले होते. झाडं होती, फिनेलचा वास होता, आणि एका लांब खोलीत ओळीनं खाटा. मावशी दर थोड्या वेळानं येत आणि प्रत्येकाला कुशीवर वळवत, सगळ्यांना एकाच बाजूला. भेटायला रविवारी जायचं. घर विकून ते पैसे त्या केंद्राला पुरतील आणि सुरुची ऑफिसच्या जवळ एक खोली घेईल, मोघ्यांनी आपल्या बहिणीकडे सातारा रोडला जायचं, असं सगळं ठरलं होतं आणि त्यात कुठेही चूक नव्हती. फक्त ती मूठ. त्या लांब खोलीत ती मूठ कधीतरी घट्ट होईल, आणि तिच्यात कोणाचं बोट नसेल. चादर असेल फार तर. आठवडाभर तो चादर दाबत राहील आणि मग रविवारी बाप जाऊन पेपर वाचेल. बाजीराव रोड ओलांडताना एका रिक्षावाल्यानं त्यांना 'आजोबा, घरी वाट बघतायत' म्हणून सुनावलं, तरी ते मध्येच थांबले होते हे त्यांना पलीकडे गेल्यावर कळलं. सुरुचीला आज सांगायचं. ती चिडेल. चिडू दे. कदाचित रडेल, कारण खरं कळलं तर तिला जाता येणार नाही. तिचा स्वभाव त्यांना ठाऊक होता, नवरा बोट दाबतो हे कळल्यावर ती त्याला ओळीत निजवणारी बाई नव्हती. म्हणजे ते तिला पुन्हा त्या खाटेला बांधणार होते. तिचं मनगट, तिची नोकरी, ती पांढरी बट. आणि न सांगावं तर केयूर. एका पारड्यात काही टाकलं की दुसरं वर जायचं, आणि या वेळी दोन्हींकडे माणसं होती. स्वारगेटच्या चौकात नेहमीप्रमाणे त्यांनी रस्त्याकडे पाहायचं टाळलं. सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाक्यांवर हेल्मेटं आरशांना अडकवलेली होती. त्यांना एकेकाच्या डोक्यात ती घालावीशी वाटली, हातानं, जोरानं.

घरी सुरुची केयूरच्या खाटेशी स्टुलावर बसून त्याची नखं कापत होती. पांघरुणावर वर्तमानपत्राचं पान पसरलं होतं. बाजूला लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून पाचसहा माणसं एकमेकांशी इंग्रजीत काहीतरी ठरवत होती.

'आलात? जेवण झाकून ठेवलंय,' ती म्हणाली. 'हे आजच करून टाकते. तिकडे विचारतात, नखं कापलीत का म्हणून.'

मोघे खुर्चीवर बसले नाहीत. 'सुरुची, मला बोलायचंय.'

'बोला ना बाबा. मी म्यूटवर आहे.'

'तो बोट दाबतो,' मोघे म्हणाले. रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. 'माझं. रोज नाही, पण दाबतो. डॉक्टर काही म्हणोत, मला कळतं. मी वकीलबाईंसमोर खोटं सांगितलं.'

नेलकटर थांबलं नाही. तिनं अंगठा पुरा केला, कडा बोटानं चाचपून पाहिली आणि मग म्हणाली, 'माझंही दाबतो.'

मोघ्यांना आपण काय ऐकलं ते कळलं, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

'अपघातानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून,' सुरुची म्हणाली. 'संध्याकाळी जास्त. मी कोणाला बोलले नाही. वकीलबाईंनी मला तुमच्या आधी विचारलं होतं, तुम्ही खाली झेरॉक्स आणायला गेला होतात तेव्हा. मी नाही म्हणाले. मग तुम्ही आलात, तुम्हीही नाही म्हणालात.' ती दुसरं बोट घेऊन बसली. 'मला इतकं बरं वाटलं बाबा, खरंच सांगते. म्हटलं, यांना नाही जाणवत. घरात निदान एक माणूस तरी खरं बोलून झोपेल.'

'मग तू कशी...' मोघे म्हणाले.

'कशी म्हणजे?' तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे कोरडे होते आणि फार दमलेले. 'तो दाबतो. मला माहीत आहे तो दाबतो. आणि मला हे आता होत नाही. दोन्ही खरं आहे. कोर्टानं एवढंच विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं.'

लॅपटॉपमधल्या एका आवाजानं तिचं नाव घेऊन विचारलं, ती आहे ना. सुरुचीनं कोपरानं एक कळ दाबली, 'येस, आय ॲम हिअर,' म्हणाली, आणि पुन्हा कळ दाबली.

मोघ्यांना वाटत होतं की आपण काहीतरी बोलायला हवं, शनिवारचं थांबव म्हणायला हवं, मी इथेच राहतो म्हणायला हवं, मी करतो सगळं, मला येतं. पण गेल्या महिन्यात त्याला वळवताना त्यांची कंबर धरली होती आणि सुरुचीनं दोघांनाही सावरलं होतं, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. 'गाडी किती वाजता?' त्यांनी विचारलं.

'आठला येते म्हणाले.' ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेऊन आली. 'बाबा, हा हात जरा धरता का? हा मिटून घेतो. मग मला कापता येत नाही, लागेल त्याला.'

मोघे खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी तो हात हातात घेतला. केयूरची बोटं एका कडेनं सुरुवात करून त्यांच्या तर्जनीभोवती घट्ट झाली. त्यांनी थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग दुसऱ्या हातानं ती एकेक करून उलगडली, आणि सरळ करून सुरुचीच्या पुढे धरली.